आजोबांना घेरी आली, ईसीजी नॉर्मल आला, पुढे काय?

माझी अख्खी नोकरी ईसीजीच्या खोलीत झाली. छातीवर पट्ट्या लावायच्या, तारा जोडायच्या, ‘हलू नका, बोलू नका’ म्हणायचं आणि निघालेला कागद फाडून डॉक्टरांकडे द्यायचा. घरात, देवळात, बाजारात कोसळलेल्या वयस्कर माणसाचा कागद साफ निघाला की सोबतच्यांचा जीव भांड्यात पडायचा. ‘चला, हार्टचं काही नाही!’ हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा यायचा.

कारण तो कागद फक्त दहा सेकंदांचा असतो आणि दिवसाचे सेकंद असतात ८६,४००. माणूस सकाळी सातला अंगणात पडतो, गाडी मिळून दवाखाना गाठेपर्यंत साडेनऊ वाजतात, आणि तोवर हृदय शहाण्या मुलासारखं नीट चालू लागलेलं असतं. चोर निघून गेल्यावर अडीच तासांनी खोलीत बॅटरी मारून बघावं, तसला हा प्रकार. त्या कागदावर कधी कधी चोराच्या पावलांचे ठसे सापडतात, म्हणून ईसीजी काढायचाच. पण ठसे दिसले नाहीत म्हणून चोर आलाच नव्हता असं होत नाही.

म्हणून या तपासातलं निम्मं काम घरच्यांनाच करावं लागतं. ते कसं करायचं, आणि उरलेलं निम्मं डॉक्टरांकडून कोणत्या क्रमाने करून घ्यायचं, ते सांगते.

आधी शब्द साफ करा

आपल्या गोव्यात सगळ्याला एकच शब्द, ‘घुंवळ आयली’. पण घर गरगर फिरणं वेगळं, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणं वेगळं आणि शुद्ध हरपून खाली पडणं वेगळं. गरगरणं बहुतेक वेळा कानातल्या तोलाच्या यंत्रणेचं असतं. शुद्ध जाते तेव्हा मेंदूला काही क्षण रक्त पुरलेलं नसतं. सहा ते आठ सेकंद पुरवठा तुटला तरी माणूस कोसळतो, आणि आडवा पडला की रक्त पुन्हा मेंदूकडे जातं, एक-दोन मिनिटांत तो उठून बसतो आणि म्हणतो, ‘काही झालं नाही, पाय घसरला.’

हे ‘पाय घसरला’ जपून ऐका. वयस्कर माणसांना शुद्ध गेल्याची आठवणच राहत नाही, असं पुष्कळदा होतं. ती खोटं बोलत नसतात. पडताना हात पुढे आला का? घसरलेला माणूस हात टेकतो; शुद्ध गेलेला ओंडक्यासारखा पडतो, त्याला तोंडावर, कपाळावर मार लागतो. जखम कुठे आहे हे बघितलं तरी बरंच कळतं.

‘पित्त झालं’, ‘उपास सोसला नाही’, ‘ऊन लागलं’, ‘बीपी लो झाला’ हे आपले ठरलेले निकाल. त्यातले काही खरेही असतात. पण निकाल आधी आणि तपास नंतर, असं होऊ देऊ नका.

पडला त्या घटकेला

माणसाला उठवून खुर्चीत बसवू नका. आडवाच राहू द्या आणि पाय उशीवर घ्या. तोंडात पाणी, साखर काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नका. श्वास चालू आहे का बघा. श्वास नाही, हाक मारल्यावर हालचाल नाही, तर एकाने १०८ लावायचा आणि दुसऱ्याने छातीच्या मधोमध जोरात दाबायला सुरुवात करायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा.

श्वास चालू असेल तर मनगटावर नाडी धरा आणि घड्याळ बघून तीस सेकंद मोजून दुप्पट करा. पन्नास वर्षांपूर्वीच्या आजीबाईंना हे येत असे. आज घरात दोन स्मार्ट घड्याळं असतात आणि नाडी कुणालाच सापडत नाही. त्या क्षणी मोजलेली ‘३४’ ही एक संख्या पुढच्या दहा तपासण्या वाचवू शकते. घरात बीपीचं यंत्र असेल तर आडवं असतानाच बीपी घ्या, ग्लुकोमीटर असेल तर साखरही बघा.

वाट न बघता १०८ बोलवायची वेळ केव्हा? छातीत दुखत असेल, दम लागला असेल, शुद्ध पाच मिनिटांत नीट आली नसेल, तोंड वाकडं किंवा हात लुळा झाला असेल, शौच काळं झालं असेल, डोक्याला मार लागून माणूस रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर असेल तर लगेच. आणि शुद्ध चढण चढताना, काम करताना गेली असेल, किंवा बसल्या जागी नाहीतर झोपल्या जागी गेली असेल, तर माणूस नंतर कितीही ठणठणीत दिसो, त्याच दिवशी रुग्णालयात न्या. साधी भोवळ सहसा उभ्या माणसाला येते. बसलेल्या माणसाची शुद्ध जाते तेव्हा हृदयावर संशय घ्यायचा.

माझी आत्या आणि आदोळी

आत्या सत्तरी तालुक्यातली, वय तेव्हा एकोणऐंशी. आदोळीवर (विळीवर) बसून नारळ खवताना ती बाजूला कलंडली. कपाळ पात्यापासून चार बोटांवर आपटलं. घरच्यांनी ‘एकादशीचा उपास’ म्हणून सोडून दिलं. तीन महिन्यांनी दुसऱ्यांदा पडली. या वेळी एका रुग्णालयात डोक्याचा सीटी स्कॅन झाला, मानेच्या रक्तवाहिन्यांची डॉपलर तपासणी झाली, दोन्ही चांगल्या आल्या आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या घेऊन ती घरी परतली. खर्च बराच झाला, मात्र तिला त्या वेळी काय होत होतं असं कुणीच विचारलं नाही. मला हे कळलं तेव्हा मी आधी माझ्यावरच चिडले. ज्या घरात ईसीजीवाली, त्या घरात ही तऱ्हा!

डोक्याला मार नसेल, हातापायांत कमजोरी नसेल, बोलणं अडखळत नसेल, तर नुसत्या भोवळीसाठी सीटी स्कॅन किंवा मानेची डॉपलर यातून क्वचितच काही निघतं. तरी ती पहिल्या दिवशी होतात आणि हृदयाचा तपास महिनोन्‌महिने मागे राहतो. ‘डोकं तपासून घ्या’ हा सल्ला नातेवाइकांकडूनच जास्त येतो, हेही खरं.

साक्षीदाराची जबानी, त्याच रात्री

वहीचं एक पान घ्या. ज्याने प्रत्यक्ष पाहिलं त्याच्याच तोंडून लिहा; ऐकीव नको. शेजारची मुलगी असली तरी तिला बोलवा.

माणूस नेमकं काय करत होता? बसलेला, उभा, नुकताच उठलेला, जेवून उठलेला, लघवीला गेलेला, खोकत होता, मान वळवून दाढी करत होता? आधी मळमळ, घाम, कानात गुंई असं काही झालं का, की बोलता बोलता एकदम दिवा विझावा तसा गेला? छातीत धडधडलं का? चेहऱ्याचा रंग कसा होता? हा शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही. हृदयाचे ठोके थांबून शुद्ध जाते तेव्हा माणूस पांढराफटक पडतो आणि ठोके परत सुरू झाल्यावर चेहऱ्यावर लाली येते. डब्लिनच्या अ‍ॅडम्स आणि स्टोक्स या डॉक्टरांनी १८२७ आणि १८४६ मध्ये असे रुग्ण नोंदवले, तेव्हा ईसीजीचं यंत्र जन्मालाही आलं नव्हतं. त्यांनी फक्त नाडी धरली होती आणि नीट पाहिलं होतं.

हातपाय झटकले म्हणजे फीटच असं नव्हे. मेंदूला रक्त कमी पडलं की काही सेकंद झटके येऊ शकतात. जिभेची कड चावली गेली असेल आणि शुद्धीवर आल्यावर बराच वेळ माणूस भांबावलेला असेल, तर फीटचा विचार जास्त. हृदयाच्या भोवळीनंतर माणूस पटकन भानावर येतो.

घराण्यात कुणी तरुण वयात अचानक गेलं का, हेही लिहा. आणि पुन्हा प्रसंग आलाच, एक माणूस मोकळा असेल, तर त्याने मोबाइलवर चित्रण करावं. लोक संकोचतात. पण डॉक्टरांना वीस सेकंदांचं चित्रण वीस मिनिटांच्या वर्णनापेक्षा जास्त सांगतं.

औषधांची पिशवी पालथी घाला

गोळ्यांची यादी तोंडी सांगू नका, पिशवीच न्या. बीपीच्या गोळ्या, लघवी सुटण्याच्या गोळ्या, प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन किंवा प्राझोसिन, छातीदुखीसाठी जिभेखालची गोळी, ही सगळी उभं राहिल्यावर रक्तदाब पाडू शकतात. मेटोप्रोलोल, अ‍ॅटेनोलोल, डिल्टियाझेम, व्हेरापामिल, डिगॉक्सिन ठोके मंदावतात. विसरभोळेपणासाठीची डोनेपेझिल ही गोळीही ठोके मंदावू शकते, आणि काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंबही. थेंब डोळ्यात घातले तरी काही भाग रक्तात जातोच. ‘डोळ्याचं औषध हार्टच्या डॉक्टरला कशाला सांगायचं?’ असं म्हणून ती बाटली घरी राहते. तीही न्या.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर उतरल्याची शक्यता स्वतंत्रपणे बघावी लागते. बाजारातली चूर्णं, गुडघेदुखीच्या पुड्या, सगळं ठेवा टेबलावर. आणि मार्च ते मे या उर्राकाच्या (काजूच्या दारूच्या) दिवसांत आजोबांनी संध्याकाळी काय घेतलं, ते खरं सांगा. घाम, कमी पाणी, बीपीची गोळी आणि वर उर्राक, एवढं जमून आलं की धडधाकट माणूसही उठताना पडतो. डॉक्टर रागावणार नाहीत. रागावले तरी चालेल.

मनाने एकही गोळी बंद करू नका. कोणती कमी करायची हे ठरवणं डॉक्टरांचं.

झोपून आणि उभ्याने बीपी

ही तपासणी फुकट आहे, घरी होते आणि दवाखान्यात गर्दीत सर्रास राहून जाते. माणसाला पाच मिनिटं आडवं ठेवून बीपी आणि नाडी घ्या. मग उभं करा, एका मिनिटाने पुन्हा घ्या, तिसऱ्या मिनिटाला पुन्हा. बाजूला एकाने धरायला उभं राहायचंच. वरचा आकडा २० किंवा जास्त पडला, खालचा १० किंवा जास्त पडला, किंवा वरचा ९० च्या खाली गेला, तर रक्तदाब उभ्याने पडतो असं म्हणायचं. सकाळी गोळीआधी, गोळीनंतर दोनेक तासांनी आणि दुपारी भरपेट जेवल्यावर, असं तीन-चार दिवस लिहून ठेवा. वयस्कर माणसांत जेवणानंतरही बीपी उतरतो; शीतकढी (भात-कालवण) खाऊन वामकुक्षीला जाताना पडणारे आजोबा यातलेच असू शकतात.

एक सावधगिरी. उभ्याने बीपी पडला हे सापडलं म्हणजे हृदय निर्दोष ठरलं असं नाही. सत्तरीपुढे एकाच माणसात दोन कारणं सुखाने नांदतात.

ईसीजीचा कागद

बारा लीडचा ईसीजी प्रत्येकाचाच काढायचा, शक्य तितक्या लवकर. जवळच्या आरोग्य केंद्रात होतो का बघा, तिथे झाला तर थेट म्हापशाच्या आझिलो रुग्णालयाला किंवा मडगावच्या जिल्हा रुग्णालयाला पळण्याआधीच एक कागद हातात असतो. जुने ईसीजी असतील तर बरोबर न्या. आज दिसणारा बदल नवा की दहा वर्षांपूर्वीचा, हे जुन्या कागदाशिवाय कळत नाही.

आता माझ्या पोटापाण्याचा सल्ला. ईसीजीचा कागद उष्णतेने छापलेला असतो, शाई नसते त्यात. आपल्या दमट हवेत आणि उन्हात तो वर्ष-दोन वर्षांत फिका पडतो. मिळाल्याबरोबर झेरॉक्स काढा, मोबाइलवर फोटो घ्या. जपून राहावा म्हणून लॅमिनेशन करू नका. गरम रोलरमधून गेला की अख्खा काळा होतो. लोकांनी मला असे काळे कागद मोठ्या विश्वासाने आणून दाखवले आहेत.

कागदावर डॉक्टर काय शोधतात? जागेपणी नाडी सतत ४० च्या खाली आहे का, ठोक्यांमध्ये ३ सेकंदांहून मोठी पोकळी आहे का (कागदावर मोठे पंधरा चौकोन), वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात विजेचा संदेश पोचताना गळतो का, त्या संदेशाच्या वाटेच्या दोन फांद्यांमध्ये अडथळा आहे का, क्यूटी नावाचं अंतर लांबलंय का, जुन्या हार्ट अटॅकच्या खुणा आहेत का. ‘बंडल ब्रँच ब्लॉक’ (म्हणजे फांदीतला अडथळा) असं लिहून आलं तर त्याबद्दल स्पष्ट विचारा.

इथे एक मोठा घोटाळा होतो. ‘हार्ट ब्लॉक’ ऐकलं की घरचे विचारतात, ‘स्टेंट घालायचा का?’ नाही. नळातला गाळ वेगळा आणि वायरिंगमधला दोष वेगळा. हार्ट ब्लॉक हा वायरिंगचा दोष. त्याला गरज पडली तर पेसमेकर, म्हणजे ठोके चालू ठेवणारं यंत्र, लागतो, अँजिओप्लास्टी नव्हे. उलट, शिरा शंभर टक्के मोकळ्या असलेल्या माणसाचंही वायरिंग जळलेलं असू शकतं. म्हणून ‘अँजिओग्राफी नॉर्मल आहे’ हे भोवळीचं उत्तर होत नाही.

रक्त आणि इको

रक्तात हिमोग्लोबिन, साखर, सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन आणि गरजेप्रमाणे थायरॉइड बघतात. लघवीच्या गोळीवरच्या वृद्धांत सोडियम-पोटॅशियम बिघडलेलं सापडणं नवलाचं नाही. हार्ट अटॅकची शंका असेल तर ट्रोपोनिन.

इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. डॉक्टरांना छातीवर मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज) ऐकू आली, ईसीजी बिघडलेला असला किंवा पूर्वी हृदयरोग असला तर ती हवीच. वयाबरोबर महाधमनीच्या झडपेवर चुना साचतो आणि तोंड अरुंद होतं. असा माणूस देवळाच्या पायऱ्या चढताना कोसळतो, कारण हृदयाला जास्त रक्त बाहेर टाकायचं असतं आणि वाट तेवढीशी राहिलेली नसते. अहवालात पंपिंगचा आकडा (EF) बघा. तो ३५ टक्के किंवा कमी असेल तर भोवळीमागे जीवघेणे वेगवान ठोके असण्याची शक्यता गंभीरपणे घ्यावी लागते; तिथे तपास रुग्णालयात भरती करूनच व्हावा, असा आग्रह धरा.

होल्टर: चोराला जागेवर पकडणं

होल्टर म्हणजे चालता-फिरता सतत ईसीजी नोंदवत राहणारं यंत्र. नॉर्मन होल्टर या अमेरिकी संशोधकाचं पहिलं यंत्र पाठीवर बांधायचं होतं आणि त्याचं वजन अडतीस किलोच्या आसपास होतं. आजचं खिशात मावतं. पण किती दिवसांचं लावायचं हे भोवळ किती वेळा येते त्यावर ठरवा. रोज किंवा एक दिवसाआड त्रास असेल तर २४ ते ४८ तासांचं होल्टर. आठवड्या-दोन आठवड्यांतून असेल तर छातीवर चिकटवायचा जास्त दिवसांचा रेकॉर्डर. काही महिन्यांतून एकदाच असेल तर कातडीखाली बसवायचा बारीक लूप रेकॉर्डर; त्याची बॅटरी सुमारे तीन वर्षं चालते. वर्षातून दोनदा पडणाऱ्या माणसाला एक दिवसाचं होल्टर लावून ‘नॉर्मल’ म्हणणं म्हणजे शिगम्याच्या मिरवणुकीची वाट श्रावणात बघत बसणं.

यंत्र लावायला येताना आंघोळ करून या, कारण साध्या होल्टरला पाणी लागून चालत नाही. पावडर, तेल लावू नका. पुढून बटणं असलेला सैल शर्ट किंवा ब्लाउज घाला. छातीवर केस असतील तर काढतील, लाजू नका. मे महिन्यात घामाने पट्ट्या सुटतात; जास्तीच्या दोन मागून घ्या आणि कुठे लावायच्या ते विचारून ठेवा. आणि कृपा करून यंत्र लावलंय म्हणून दिवसभर पलंगावर पडून राहू नका! माडाच्या झावळ्या ओढा, जिना चढा, बाजारात जा. ज्या कामात त्रास झाला ते काम करा, अर्थात सोबत माणूस ठेवून. काही वाटलं की बटण दाबा आणि वेळ लिहा: ‘११.२० अंधारी आली, ओसरीवर बसले होते.’

अहवाल वाचताना विचारायचा प्रश्न एकच. नोंद चालू असताना त्रास झाला होता का? त्रास झाला आणि ठोके ठीक होते, तर ठोक्यांवरचा संशय बराच फिटला. त्रास झालाच नाही, तर त्या ‘नॉर्मल’ला काडीचीही किंमत नाही आणि जास्त दिवसांचं यंत्र मागायचं.

आत्याचं एक दिवसाचं होल्टर साफ आलं होतं. मग चौदा दिवसांचा रेकॉर्डर लावला. नवव्या दिवशी सकाळी तिने बटण दाबलं नाही, वहीत काही लिहिलं नाही. विचारलं तर म्हणाली, ‘जरा डोळ्यांपुढे काळोख आला बाय, तेवढंच.’ यंत्रात त्या वेळी साडेपाच सेकंदांची सपाट रेषा होती.

उरलेल्या तपासण्या

कामाच्या भरात भोवळ आली असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली ट्रेडमिल, तेही झडप अरुंद नाही हे इकोत पाहिल्यावर. ईसीजीत दोन फांद्यांचा अडथळा असेल आणि होल्टरमध्ये काही सापडत नसेल तर मांडीतून तार नेऊन विजेचा मार्ग तपासतात. मानेतली नाडी चोळून ठोके थांबतात का बघायचीही तपासणी आहे. ती मॉनिटर लावून, रुग्णालयातच. घरी कुणाच्याही मानेला हात लावू नका. टिल्ट टेबल, म्हणजे कलत्या पलंगावर बांधून उभं करत बीपी-नाडी बघायची तपासणी, सगळ्यांना लागत नाही.

कुठे, कशाने

हृदयाची पुढची तपासणी आणि पेसमेकर यासाठी आपल्याकडे बहुतेकांची वाट बांबोळीच्या गोमेकॉकडे (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाकडे) जाते. आधीच्या डॉक्टरांचं पत्र घेऊन जाताना ईसीजीच्या प्रती, इको, औषधांची यादी, बीपीची वही आणि साक्षीदाराचं पान एकाच फाईलमध्ये, तारखेप्रमाणे लावा. जबानी वरच ठेवा. खाजगीत जाणार असाल तर दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड चालू आहे ना, नूतनीकरण राहिलं नाही ना, हे भरती होण्याआधी बघा. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त माणसांना चार लाख असं तिचं संरक्षण आहे. पण तुमचा उपचार आणि ते रुग्णालय त्यात बसतं का, हे काउंटरवर विचारल्याशिवाय गृहीत धरू नका.

तपास चालू असेपर्यंत

स्कूटर बंद. हे सांगताना आजोबा नाराज होणार, पण किल्ली लपवा. तळीवर, विहिरीवर, नदीला एकट्याने जाणं नको, कौलं शाकारायला शिडीवर चढणं नको. न्हाणीघराला आतून कडी घालू देऊ नका आणि आत प्लास्टिकची खुर्ची ठेवा. रात्री लघवीला उठताना आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसायचं. आरतीला उभं राहायचा हट्ट असेल तर मागे खुर्ची. आमच्या आत्याची आदोळी आम्ही माळ्यावर टाकली होती.

पेसमेकरला माणसं उगीच घाबरतात. पूर्णपणे शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन यांना बसवला. तो काही तासच चालला, दुसरा घालावा लागला. पुढे आयुष्यात त्यांना एकूण २६ बसवले आणि ते ८६ व्या वर्षी, २००१ मध्ये, वेगळ्याच आजाराने गेले. बसवल्यावर ओळखपत्र कायम खिशात ठेवायचं, मोबाइल शर्टाच्या त्या बाजूच्या खिशात ठेवायचा नाही आणि यंत्र तपासायच्या तारखा चुकवायच्या नाहीत.

पेसमेकर बसूनही पुन्हा भोवळ आली तर ‘आता तर मशीन आहे’ म्हणून गप्प बसू नका. यंत्र तपासून घ्या आणि झोपून-उभ्याने बीपी पुन्हा मोजा. आत्या पेसमेकरनंतर चार महिन्यांनी एकदा पडलीच. यंत्र ठणठणीत होतं. लघवीची गोळी आणि उन्हाळा, दोघांनी मिळून बीपी पाडला होता. गोळी निम्मी झाली, आणि तिने माळ्यावरची आदोळी खाली काढायला लावली.